कुणकेश्वरची पुळण आणि राजापूरचे उन्हाळे: निपाणी-बेळगावहून एका दिवसाची सहल कशी आखावी

निपाणी, चिकोडी, बेळगाव आणि खानापूर भागातून दर हिवाळ्यात अनेक लहान गट समुद्रकाठी चालून येतात आणि परतताना ऊन पाण्याच्या कुंडात अंग शेकून घेतात. त्यांतल्या निम्म्या सहली फसतात, आणि कारण बहुधा एकच असते. आधी रविवार ठरतो, मग गाडी, मग जेवण, आणि भरती-ओहोटीचा विचार किनाऱ्यावर उतरल्यावर सुरू होतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पौर्णिमा होती. दहा-साडेदहाला किनाऱ्यावर पोहोचलो तर पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, जवळजवळ पाण्याखाली गेलेली होती, आणि ‘समुद्रकाठची पदयात्रा’ आम्ही डांबरी रस्त्यावरून केली.

खालील क्रम सहा ते आठ जणांच्या गटासाठी आणि निपाणीहून सुटणाऱ्या एका गाडीसाठी आहे. चालायचे ते देवगडजवळच्या मिठमुंबरीपासून कुणकेश्वरापर्यंत, आणि स्नान करायचे ते राजापूरजवळच्या, ऊन पाण्याच्या झऱ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या उन्हाळे गावी. कोकणातल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांची रांग उत्तरेकडे पालघरपर्यंत जाते आणि राजापूर हे तिचे दक्षिण टोक आहे. त्यामुळे आपल्या भागातून हेच ठिकाण सर्वांत जवळ पडते.

## १. आधी तिथी, मग वार

भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून मागच्या महिन्यात मित्र अमुक तारखेला गेले होते, या माहितीचा काहीही उपयोग नसतो. कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि तिच्या आधी व नंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच करावी.

उदाहरणार्थ, पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनऊच्या आसपास ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला आणि ओहोटी सव्वादहाला येते. चतुर्थीला ओहोटी पावणेनऊच्या सुमारास येते. सकाळी साडेआठ ते साडेदहा चालायचे असेल तर याच तीन तिथी सोयीच्या, आणि त्यांतही पंचमी सर्वांत चांगली. पौर्णिमा व अमावास्येला हाच हिशोब सव्वाअकराची भरती दाखवतो आणि तेव्हा उधाणही असते. म्हणजे नेमक्या चालण्याच्या वेळी पाणी सर्वांत वर चढलेले असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पण त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराकडे सरकते आणि ऊन डोक्यावर येते.

या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, कारण दिनदर्शिकेत सूर्योदयाची तिथी छापलेली असते आणि ती दिवसात केव्हाही बदलू शकते. म्हणून तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ देवगड किंवा मालवणच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करावी. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्रीय संस्थेकडून उंच लाटांचे इशारे दिले जातात. तेही आदल्या संध्याकाळी पाहावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत साधारण आठ पक्ष येतात. दर पक्षात तीन तिथी धरल्या तर त्यांतल्या तीन-चारच रविवारी पडतात. गटातल्या लोकांनी एखाद्या कामाच्या दिवशी रजा काढण्याची तयारी ठेवली तर निवड पुष्कळ सोपी होते. जून ते सप्टेंबर ही सहल करूच नये. त्या काळात समुद्र खवळलेला असतो, आणि राजापूरला अर्जुना नदीचे पुराचे पाणी थेट बाजारपेठेत शिरते.

सावधान: महाशिवरात्रीला कुणकेश्वराची मोठी यात्रा भरते. तो दिवस आणि त्याच्या आगेमागेचे दिवस टाळावेत. वद्य चतुर्दशी असल्याने त्या दिवशी भरतीही साडेदहाच्या सुमाराची असते, म्हणजे चालण्याच्या दृष्टीने त्या दिवसात काहीच अनुकूल नसते. त्याचप्रमाणे राजापूरची गंगा (अधूनमधून आपोआप प्रकटणारे झरे) अवतरली असल्याची बातमी आली असेल तर शेजारच्या उन्हाळ्यावर गर्दी लोटते. ज्यांना निवांत स्नान हवे त्यांनी तेव्हा थांबावे.

## २. माणसे आणि गाडी

आठापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत. किनाऱ्यावर सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा एकमेकांच्या नजरेत राहिला पाहिजे, आणि कुंडावर दोन पाळ्यांत सर्वांचे स्नान उरकले पाहिजे. बारा जणांचा गट या दोन्ही ठिकाणी हमखास विस्कटतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला पुढील गोष्टी एकांतात विचाराव्यात: हृदयविकार आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे का, गर्भारपण आहे का. गटासमोर विचारले तर कोणी खरे सांगत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीने किनाऱ्यावर जरूर यावे, मात्र कुंडात उतरण्याबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. पायांना चटका कळत नसेल तर ऊन पाण्यात पाय सोडून बसणेही धोक्याचे असते.

गाडी भाड्याची असेल तर ती पिवळ्या पाटीचीच, म्हणजे व्यावसायिक नोंदणीचीच घ्यावी. आपल्या केए २२ किंवा केए २३ च्या गाडीकडे महाराष्ट्रात प्रवासी नेण्याचा परवाना आणि भरलेला कर आहे ना, याचे कागद आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहावेत. ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. सीमाभागात वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या थांबतात, हे आपल्याला नवीन नाही. तेव्हा बसच्या भरवशावर ही सहल आखू नये.

चालकाने आदल्या रात्री किमान सात तास झोप घेतलेली असावी. पहाटे पावणेचारला निघायचे असेल तर त्याने रात्री साडेआठलाच अंथरूण धरावे लागेल. त्याला दिवसभराच्या कामानंतर रात्री साडेदहाला गाडीत डिझेल भरायला पाठवू नये. बेळगाव-खानापूरकरांनी आदल्या रात्री निपाणीत मुक्काम करावा. रात्री दोनला बेळगावहून सुटून रात्री अकराला परत पोहोचण्याचा हिशोब कागदावर जमतो, शरीराला जमत नाही.

## ३. सामान: दोन पिशव्या, वेगवेगळ्या

प्रत्येकाच्या दोन पिशव्या असाव्यात. पाठीवरच्या पिशवीत चालण्याचे सामान ठेवावे: दोन लिटर पाणी, टोपी, पातळ लांब बाह्यांचा सुती सदरा, जलसंजीवनीची दोन पाकिटे, मोबाइलसाठी प्लॅस्टिकची बंद पिशवी. गाडीत राहणाऱ्या पिशवीत कुंडाचे सामान: कोरडे कपडे, पंचा, अंगावर ठेवून स्नान करता येईल असा सुती पोशाख, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी. एकच पिशवी नेली की दुपारपर्यंत पंचा वाळूने आणि खाऱ्या पाण्याने भरतो, आणि कुंडातून बाहेर आल्यावर अंग पुसायला कोरडे काही उरत नाही.

पायात मागे पट्टा असलेले सँडल असावेत. अंगठ्याची चप्पल ओल्या वाळूत रुतते आणि पाय पुढे जातो, चप्पल मागे राहते.

गटासाठी एक प्रथमोपचाराची पेटी, एक चिमटा आणि कढत पाण्याने भरलेला मोठा थर्मास घ्यावा. थर्मास चहासाठी नाही. उथळ पाण्यात वाळूखाली दडलेल्या पाखट माशाचा काटा पायात गेला तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास किंवा त्याहून जास्त बुडवून ठेवल्याने वेदना उतरतात, आणि किनाऱ्यावर ऐनवेळी गरम पाणी मिळत नाही. दुसऱ्या, बऱ्या पायाने किंवा हाताने पाणी तपासूनच जखमी पाय त्यात घालावा आणि पुढे दवाखाना गाठावा. जेलीफिश लागल्यास उलट समुद्राच्याच पाण्याने धुवावे, गोडे पाणी ओतू नये, चोळू नये, आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत.

दागिने घरी ठेवावेत, विशेषतः चांदीचे. कोकणातल्या ऊन पाण्याला कमीअधिक गंधकाचा वास असतो आणि त्याने चांदी काळवंडते. आमच्या गटातल्या एका वहिनींची जोडवी आणि पैंजण कुंडातून बाहेर येईपर्यंत तव्याच्या रंगाची झाली होती. घरी येऊन बराच वेळ घासल्यावर ती उजळली, पण परतीच्या वाटेवर दुसरा विषय निघाला नाही.

## ४. निपाणी ते मिठमुंबरी: पहाटे पावणेचार ते आठ

मार्ग निपाणी, मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, फोंडा, नांदगाव तिठा आणि तिथून देवगड रस्त्याने जामसंडे असा आहे. घाट चालू आहे ना, हे आदल्या दिवशी फोंड्यातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला किंवा हॉटेलवाल्याला फोन करून विचारावे, कारण दरड किंवा रस्त्याच्या कामामुळे घाट बंद असेल तर गगनबावड्याकडून वळसा पडतो आणि ओहोटीची वेळ हुकते.

दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तुम्ही तिथून अंधारातच जाणार आहात. गवा रस्त्यावर उभा दिसला तर गाडी दूर थांबवावी, हॉर्न वाजवू नये, प्रखर दिवे त्याच्यावर रोखू नयेत आणि फोटोसाठी कोणीही खाली उतरू नये. एक गेला की लगेच गाडी पुढे घेऊ नये, मागे आणखी असतात.

वाटेत हलका नाश्ता करावा. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेलेली उत्तम. फोंड्यात गरम वडे दिसले की हात थांबत नाहीत हे मान्य आहे, पण तेलकट खाऊन उन्हात चालणाऱ्यांपैकी एकाला तरी मळमळते, असा माझा अनुभव आहे.

देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून खाडी ओलांडली की थेट मिठमुंबरीला उतरता येते. इथे सर्वांना उतरवून गाडी पुढे कुणकेश्वरला पाठवावी. उलट दिशेने चालू नये, कारण शौचालय, सावली आणि जेवण या तिन्ही गोष्टी कुणकेश्वरच्या टोकाला आहेत आणि त्यांची गरज चालून झाल्यावर लागते.

तपासणी: गाडी सोडण्यापूर्वी डोकी मोजावीत, प्रत्येकाच्या पाठीवर पाणी आहे ना ते पाहावे, थर्मास गटाबरोबर आहे याची खात्री करावी आणि चालकाला कुणकेश्वरला थांबण्याची जागा नक्की सांगावी. सर्वांच्या मोबाइलला तिथे रेंज असेलच असे धरून चालू नये.

## ५. किनाऱ्यावर: साडेआठ ते साडेदहा

अंतर पाच किलोमीटरांहून कमी आहे, त्यामुळे घाई नको. अवघड असते ते कुठून चालायचे ते ओळखणे. कोरडी वाळू पाय ओढून घेते आणि अर्ध्या तासात पोटऱ्या भरतात. लाटेच्या अगदी कडेला पाय ओले राहतात आणि जमीन तिरकी असते. या दोहोंच्या मध्ये, नुकतेच पाणी उतरलेला ओलसर पट्टा असतो. तिथे पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी होते आणि पाऊल उचलताच पुन्हा काळसर दिसते. तोच पट्टा चालायला टणक असतो. वाळू चकाकत असेल आणि पाऊल घोट्यापर्यंत जात असेल तर ती रुपण आहे. तिथून वर सरकावे. खाडीच्या मुखाजवळ अशी जागा हमखास भेटते, म्हणून सुरुवातीची काही मिनिटे खाडीपासून दूर राहूनच चालावे.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढण्याचे काम चालू असेल तर दोर ओलांडू नये. ताणलेला दोर एकदम उसळतो, आणि त्या माणसांची मेहनत आपल्या फोटोसाठी थांबवणे शोभतही नाही. मागच्या बाजूने वळसा घालून जावे. जाळी लावून राखलेली कासवाची घरटी दिसली तर लांबूनच पाहावीत.

जिथे खडक आडवे येतील तिथे पाण्याच्या बाजूने वळसा घालण्याचा मोह टाळून जमिनीच्या बाजूने वर यावे. खडकांना चिकटलेली कालवे पात्यासारखी धारदार असतात. इथे झालेली एक लहानशी जखम दुपारचे स्नान रद्द करते, कारण उघडी जखम घेऊन सर्वांच्या कुंडात उतरणे स्वतःसाठीही वाईट आणि इतरांसाठीही.

पोहायला उतरू नये. गुडघ्याच्या वर पाणी घेऊ नये. ओहोटीच्या पाण्याला आतल्या बाजूची ओढ असते आणि ती वरून दिसत नाही. आपल्यापैकी बरेच जण विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेले असतात, आणि समुद्रात अतिआत्मविश्वास नेमका तेच दाखवतात. कोणत्याही संकटासाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

दर अर्ध्या तासाला सर्वांनी थांबून पाणी प्यावे, तहान लागो वा न लागो. सदरा काढून चालू नये. हा नियम केवळ उन्हासाठी नाही, दुपारच्या कुंडासाठी आहे. एका वर्षी आमच्यातला एक तरुण उघड्या खांद्यांनी दोन तास चालला. कुंडाच्या पहिल्याच तांब्याला तो किंचाळला, आणि त्यानंतर हट्टाने बसून राहिला तो घेरी येऊन कलंडेपर्यंत.

तपासणी: ओहोटीच्या वेळेनंतर एक तास उलटला आणि कुणकेश्वर अजून दूर असेल तर वाळू सोडून रस्त्यावर यावे. वेळ घड्याळावर पाहावी. पाणी अजून लांब दिसते आहे, या अंदाजावर विसंबू नये.

## ६. मधला वेळ: साडेदहा ते सव्वाबारा

हा टप्पा बहुतेक गट गाळतात आणि थेट गाडीत बसतात. कुणकेश्वरला पोहोचल्यावर प्रथम गोड्या पाण्याने हातपाय आणि मान धुवावी, सावलीत बसावे, जलसंजीवनी घ्यावी आणि साधे जेवण करावे. माशाचे भरपेट ताट पाहिजेच असेल तर ते इथेच घ्यावे, कारण पुढे कुंडापर्यंत अडीच तास आहेत. राजापूरला पोहोचून जेवण आणि लगेच स्नान असे करू नये. मद्य पूर्ण वर्ज्य आहे. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या फैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि मद्य नेमके त्यात भर घालते.

इथे प्रत्येकाचे पाय तपासावेत. कापले असेल, फोड फुटला असेल किंवा खांदे लाल झाले असतील तर त्या व्यक्तीने कुंडात उतरायचे नाही, हे आताच ठरवून टाकावे. कुंडाच्या काठावर उभे राहून हा निर्णय कोणी घेत नाही.

## ७. उन्हाळे: अडीच ते पावणेचार

नांदगाव तिठ्यावरून महामार्गाने उत्तरेकडे तळेरे, खारेपाटण आणि राजापूर असा सुमारे दोन-सव्वादोन तासांचा रस्ता आहे. उन्हाळे गाव राजापूर शहराला लागूनच आहे.

इथले पाणी चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. संगमेश्वरकडचे तुरळचे पाणी साठ अंशांच्या घरात जाते. तिथे जाऊन आलेल्यांना राजापूरचे पाणी कोमट वाटते आणि ते बेफिकीर होतात. पण शरीराचे तापमान सदतीस असते. चाळीस अंशांच्या पाण्यात अंगातली उष्णता बाहेर पडू शकत नाही, ती साठत जाते.

क्रम असा ठेवावा. प्रथम बाहेर साध्या पाण्याने अंगावरचे मीठ आणि वाळू धुवून काढावी. साबण, शाम्पू किंवा तेल कुंडावर वापरू नये, लोक ते पवित्र मानतात आणि पाणी सर्वांचे आहे. मग कोपराने पाणी तपासून दोन मिनिटे पाय, नंतर गुडघ्यांपर्यंत, नंतर अंगावर तांब्याने पाणी घ्यावे. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. बाहेर येऊन पाच-दहा मिनिटे बसावे, पाणी प्यावे, आणि हवे असल्यास आणखी एकदाच जावे. उठताना एकदम ताठ उभे राहू नये, आधी काठावर बसावे. पाळ्या दोन कराव्यात, म्हणजे निम्मे लोक बाहेर राहून आतल्यांवर लक्ष ठेवतील.

सावधान: डोके बुडवू नये आणि पाणी नाकात जाऊ देऊ नये. उबदार गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार फार दुर्मीळ असला तरी बहुधा जीवघेणा ठरतो. तेच पाणी औषधी म्हणून पिण्याचा आग्रह झाल्यास नम्रपणे नकार द्यावा.

चालकाने कुंडात उतरू नये. त्याने फार तर पाय धुवावेत. ऊन पाण्यानंतर तासाभराने जी गाढ सुस्ती येते ती मागच्या आसनावर बसलेल्याला सुखाची वाटते, आणि त्याच वेळी गाडी फोंडा घाटात असते. आमच्याकडे चालकाला बाजूला बसवायचे म्हणजे त्याचा अपमान, असे काहींना वाटते. म्हणून ही गोष्ट त्याला सकाळी निघतानाच सांगावी आणि त्या दिवसाचे त्याचे मानधन थोडे वाढवून द्यावे.

## ८. परतीचा प्रवास: सव्वाचारच्या आत

कपडे बदलून, चहा घेऊन सव्वाचारला राजापूर सोडावे. खारेपाटण, तळेरे, नांदगाव करत साडेपाचच्या सुमारास फोंडा येते आणि डिसेंबरातही घाट संधिप्रकाशात चढून होतो. पाच वाजून गेले असतील तर घाटाच्या निम्म्यात अंधार पडेल आणि दाजीपूरला गवे रस्त्यावर येण्याच्या वेळेलाच तुम्ही तिथे असाल. उशीर झालाच तर वेग वाढवून तो भरून काढू नये. एकाने जागे राहून चालकाशी बोलत राहावे आणि राधानगरीला दहा मिनिटे थांबावे.

निपाणीला साडेआठ-नऊपर्यंत पोहोचता येते. ज्यांना कुंडात किंवा नंतर घेरी आली होती त्यांना घरच्या कोणाच्या तरी हवाली करावे, एकट्याला दुचाकीवरून सोडू नये. बेळगावकडच्यांनी पुढचा सव्वा तास दुसऱ्या, झोप झालेल्या चालकाबरोबर करावा, नाहीतर निपाणीतच आणखी एक रात्र काढावी. ओल्या कपड्यांची पिशवी मात्र त्याच रात्री उघडून कपडे साध्या पाण्यातून काढावेत.